वाहन उद्योगातील मशीन शॉपने संरक्षण क्षेत्राकडे वळताना ग्राहक कसा निवडावा?

भोसरीतील उद्योजक (प्रश्न)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे मशीन शॉप आहे. वडिलांनी तीन लेथवर सुरू केलेल्या या कामाला आता सव्वीस वर्षे झाली असून सध्या ११ सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ), ४ व्हीएमसी (उभी मिलिंग यंत्रे), एक जुने पण चांगले सीएमएम (मापे तपासणारे यंत्र) आणि ५२ माणसे असा आमचा पसारा आहे. उलाढाल साधारण १४ कोटींची आहे, मात्र तिचा मोठा भाग वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या दोनच पुरवठादारांकडून येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांवर आमचे पोट आहे, आणि विजेवरच्या गाड्यांत त्यांतले बरेच भाग लागतच नाहीत. त्यामुळे पुढच्या पाच वर्षांत निदान एक तृतीयांश काम दुसऱ्या क्षेत्रातून यावे असे आम्ही ठरवले आणि संरक्षण क्षेत्राची निवड केली.

गेल्या आठ महिन्यांत आम्ही सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी केली, तीन सरकारी संरक्षण कंपन्यांकडे पुरवठादार म्हणून अर्ज केले आणि नऊ निविदा भरल्या. त्यांपैकी चार ठिकाणी पूर्वी पुरवठा केल्याचा दाखला नसल्यामुळे आम्ही तांत्रिक छाननीतच बाद झालो. उरलेल्या पाचही ठिकाणी आमचा दर जास्त ठरला, आणि दोन ठिकाणी तर विजेत्याचा दर आमच्या कच्च्या मालाच्या खर्चाच्या आसपास होता. हा धंदा नेमका चालतो कसा, हेच आम्हांला कळेनासे झाले आहे.

दरम्यान नुकतेच निवृत्त झालेले एक अधिकारी भेटले. दरमहा ७५ हजार रुपये मानधन आणि मिळालेल्या प्रत्येक ऑर्डरवर २ टक्के, अशा बोलीवर व्यवसायवाढीचे काम पाहण्याची त्यांची तयारी आहे. त्यांना नेमावे का? सरकारी कंपन्यांना थेट माल द्यावा की मोठ्या खासगी कंपन्यांचे उपपुरवठादार व्हावे? विमान उद्योगातील गुणवत्तेच्या एएस ९१०० प्रमाणपत्रासाठी आत्ताच खर्च करणे योग्य ठरेल का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अंबरनाथचे पुरवठादार

आपल्या नऊ निविदांची हकिकत वाचून मला माझे २०११ साल आठवले. तेव्हा मीसुद्धा रोज सकाळी संगणक उघडून निविदा शोधत बसायचो आणि त्यालाच व्यवसायवाढ म्हणायचो. नियमित पुरवठ्याची निविदा निघते तोपर्यंत त्या भागाचे निम्मे भवितव्य ठरून गेलेले असते. ज्यांनी तो भाग आधी विकसित केला, ज्यांची फिक्स्चर (भाग पकडण्याची साधने) आणि गेज (माप तपासण्याची साधने) तयार आहेत, ज्यांच्या साच्याचा खर्च मागच्या दोन ऑर्डरींत वसूल झालेला आहे, ते आपल्याला अशक्य वाटणारा दर सहज देऊ शकतात. कच्च्या मालाच्या खर्चाइतका दर दिसला की समोरचा तोट्यात विकतो आहे असे आपण समजतो. कधी कधी ते खरेही असते, पण बहुतेक वेळा त्याच्याकडे मागच्या ऑर्डरीचे मटेरियल शिल्लक असते, किंवा तो फोर्जिंगच अशा आकाराचे घेतो की आपण जितका कीस काढतो त्याच्या निम्माच त्याला काढावा लागतो.

म्हणून पहिला बदल असा करावा, की नियमित पुरवठ्याच्या निविदांऐवजी विकासाच्या ऑर्डरींकडे लक्ष द्यावे. संख्या लहान, काम किचकट आणि पहिल्या खेपेला नफा जवळजवळ नसलेल्या या ऑर्डरी असतात, परंतु पुरवठ्याचा दाखला तिथेच मिळतो. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या सृजन पोर्टलवर आयात होणाऱ्या वस्तू आणि त्या देशात बनवून हव्या असलेल्या संस्थांची नावे पाहायला मिळतात. सरकारी संरक्षण कंपन्यांसाठी काढलेल्या पाच स्वदेशीकरण याद्यांत मिळून ५,०१२ वस्तू होत्या. यादी वाचताना एक पथ्य मात्र पाळावे: वस्तूचे नाव वाचण्याआधी तिची वार्षिक गरज विचारावी. वर्षाला ४० नग लागणाऱ्या भागासाठी सहा महिने खर्चून विकास करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एक मीच होतो.

आता ग्राहकाच्या निवडीविषयी. आपल्याकडे संरक्षण क्षेत्र म्हटले की लोकांना विमान आणि तोफ दिसते. नाशिकजवळ ओझरला विमाने बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस विमानांची जुळणी सुरू केली, तिची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. पाषाणच्या एआरडीई प्रयोगशाळेने विकसित केलेल्या एटॅग्स तोफेचा प्रकल्प डीआरडीओने २०१३ मध्ये हाती घेतला आणि ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी झाला. तोफा ओढणारी वाहने धरून ते काम सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे आहे. रक्कम मोठी आहे, परंतु बारा वर्षे थांबण्याची ताकद आपल्या आकाराच्या कारखान्यात नसते, आणि ३०७ नगांसाठी ११ टर्निंग सेंटर कामाला लावता येत नाहीत.

आपला कारखाना संख्येसाठी उभारलेला आहे, तेव्हा संख्या जिथे आहे तिथे जावे. दारूगोळा वापरला की संपतो, आणि प्रत्यक्ष युद्ध नसले तरी सरावासाठी दर वर्षी लागतोच. फ्यूझचे (गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचे) भाग, तोफगोळ्यांचे रिकामे कवच, उखळी गोळ्यांचे शेपटाचे भाग, पिनाकसारख्या रॉकेटचे धातूचे सुटे भाग ही सगळी पुन्हा पुन्हा येणारी कामे आहेत आणि त्यांचे खरेदीदार आपल्या दारात आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले, त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा व चांदा येथील निर्माणी तिच्याकडे आहेत. धातूकामाची यंत्र इंडिया नागपूरला असून अंबाझरी, अंबरनाथ आणि भुसावळच्या निर्माणी तिच्या अखत्यारीत येतात. खासगी क्षेत्रात नागपूरच्या सोलर समूहाची इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज ही कंपनी आहे. पिनाकच्या दारूगोळ्यासाठी तिचे आणि म्युनिशन्स इंडियाचे मिळून १०,१४७ कोटी रुपयांचे करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले. हे करार ज्यांना मिळाले त्यांना धातूचे सुटे भाग कोणी तरी करून द्यावेच लागणार, आणि आपण ज्यांच्याकडे जायचे ते ग्राहक हेच.

थेट की उपपुरवठादार, या प्रश्नाला माझे उत्तर: पहिली दोन वर्षे उपपुरवठादार व्हा, आणि त्याच काळात एखाद्या सरकारी कंपनीत एकाच भागगटाची नोंदणी पूर्ण करून घ्या. तीन कंपन्यांत, तीन तऱ्हेच्या भागांसाठी एकाच वेळी अर्ज करून आपण स्वतःची ताकद विभागली आहे, असे मला वाटते. परवान्याची धास्ती बाळगू नये. २०१४ मध्ये सरकारने सुटे भाग, कास्टिंग आणि फोर्जिंग यांतील बहुतांश गोष्टी औद्योगिक परवान्याच्या यादीतून काढल्या आहेत. तरीही काम दारूगोळ्याशी संबंधित असेल तर त्या विशिष्ट भागाची स्थिती ग्राहकाकडून लेखी विचारून घ्यावी.

निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, देहूरोड

मी आयुष्यभर पुरवठादारांचा माल तपासला आहे, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूने चार गोष्टी सांगतो. आधी त्या अधिकाऱ्यांविषयी. दरमहा मानधन देऊन तांत्रिक सल्ला घेण्यात काहीही गैर नाही. ऑर्डरवरचे २ टक्के मात्र देऊ नयेत. संरक्षण खरेदीच्या करारांत मध्यस्थ आणि दलालीविषयी कलम असते, ज्यात ऑर्डर मिळवून देण्यासाठी आपण कोणालाही नेमलेले नाही असे पुरवठादार लिहून देतो. पुढे अशी टक्केवारी उघड झाली तर करार रद्द होण्यापासून कंपनी काळ्या यादीत जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते, आणि तेव्हा ते गृहस्थ आपल्या मदतीला येणार नाहीत. शिवाय निवृत्तीनंतर १ वर्षाच्या आत खासगी नोकरी किंवा सल्लागारी पत्करायची असेल तर अधिकाऱ्यांना शासनाची परवानगी लागते. ती त्यांच्याकडे आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्यावर जो माणूस रागावतो तो आपल्या कामाचा नाही.

आपल्याला खरी गरज आहे ती जुनी ड्रॉइंग वाचू शकणाऱ्या माणसाची. वाहन उद्योगातून येणाऱ्यांची फसगत इथेच होते. गाड्यांच्या कामात ग्राहक स्वच्छ ड्रॉइंग देतो, शंका विचारली की दुसऱ्या दिवशी उत्तर येते. आमच्याकडे काही ड्रॉइंग इंचांत असत, काही रशियन मानकांवर बेतलेली असत, आणि त्यांत दिलेल्या पोलादाची भारतीय पर्यायी जात कोणती घ्यायची याची मंजुरी मिळायलाच तीन महिने जात. जो पुरवठादार ही शंका निविदेपूर्वीच्या बैठकीत लेखी मांडायचा तो टिकायचा. ऑर्डर मिळाल्यावर मांडणाऱ्याचे मुदतीचे दिवस त्याच शंकेत संपायचे.

दुसरी चूक पद्धत बदलण्याची. पहिला नग मंजूर झाला, की वाहन उद्योगाच्या सवयीने लोक खर्च वाचवायला लागतात: उष्णता प्रक्रियेसाठी दुसऱ्या भट्टीत माल पाठवतात, प्लेटिंगवाला बदलतात, दोन ऑपरेशन एकत्र करतात. माझ्या कारकिर्दीत एका पुरवठादाराचे चार हजार नग मी परत पाठवले आहेत. माप प्रत्येक नगाचे बरोबर होते, परंतु मंजूर गुणवत्ता आराखड्यात लिहिलेली भट्टी त्यांनी न विचारता बदलली होती. कारखानदार माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, कडकपणा तर ड्रॉइंगप्रमाणेच आला आहे ना?" आला होता. पण जो भाग तोफेच्या नळीत जातो त्याचा फक्त कडकपणा बघून भागत नाही. तो कोणत्या वितळणीच्या पोलादातून आला, कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून गेला हे दहा वर्षांनीही सांगता आले पाहिजे. आपल्याकडे सीएमएम आहे हे उत्तमच, परंतु निरीक्षक प्रथम आपले नोंदींचे कपाट उघडायला सांगेल आणि यंत्राकडे नंतर वळेल.

लघुउद्योगांचे वित्त सल्लागार, पुणे

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त त्यांत पैशाचा हिशेब आलेला नाही. माझ्याकडे येणारे पुरवठादार दरामुळे बुडालेले क्वचितच असतात. ते खेळत्या भांडवलापायी अडचणीत येतात.

समजा, आपल्याला १ कोटी २० लाखांची ऑर्डर मिळाली. विशेष पोलाद कमी प्रमाणात कोणी विकत नाही, म्हणून ५० लाखांचे मटेरियल पहिल्याच महिन्यात रोख घ्यावे लागेल. ५ टक्के कामगिरी हमीसाठी ६ लाखांची बँक गॅरंटी आणि तिच्या मार्जिनची रक्कम अडकेल. गेज आणि फिक्स्चरचे ८ ते १० लाख वेगळे. पहिला नग मंजूर व्हायला चार महिने धरले, मग उत्पादन, मग तपासणी, मग माल पोचवणे आणि त्यानंतर बिल. पहिला रुपया हातात यायला नववा-दहावा महिना उजाडतो. या काळात पगार तर दरमहा द्यायचेच असतात, आणि ते वाहनांच्या कामातून जातात. त्यामुळे आपले जुने ग्राहक सांभाळणे हासुद्धा संरक्षण क्षेत्रातील व्यवसायवाढीचाच भाग आहे, हे विसरू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो कुठून मोजायला लागतो हे समजून घ्यावे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने, लागू होते. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे मानले जाते. म्हणून पोच, तारीख आणि सही यांची फाईल नीट ठेवावी. थकलेल्या पैशांबद्दल सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, मात्र पहिल्याच वर्षी ग्राहकाविरुद्ध तक्रार करणारा पुरवठादार मी अद्याप पाहिलेला नाही, आणि कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावे. त्यापेक्षा ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेवर बँकेकडून बिल आधीच वटवून घेणे व्यवहार्य आहे, कारण त्यात वसुलीचा धोका आपल्यावर राहत नाही. ग्राहकाने बिलाला मान्यता देणे मात्र तिथे आवश्यक असते, तेव्हा ऑर्डर घेण्यापूर्वीच तो ट्रेड्सवर आहे का आणि बिले प्रत्यक्षात मान्य करतो का, याची चौकशी करावी.

एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या व्याख्येनुसार १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतील गुंतवणूक असलेला उद्योग लघु गटात येतो, तेव्हा आपण या गटात आहात. लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीच्या आधारे अनामत रकमेची सूट मिळते. शिवाय आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल आणि सर्वांत कमी दर देणारा लघुउद्योग नसेल, तर त्याच्या दरावर उतरून काही हिस्सा मागता येतो. ज्या पाच निविदांत आपला दर जास्त ठरला, त्यांत ही संधी होती का, ते एकदा तपासून पाहावे. अनेकांना ती असल्याचे कळतच नाही.

नाशिकचे एरोस्पेस पुरवठादार

अंबरनाथकरांचा दारूगोळ्याचा सल्ला चांगला आहे, मात्र वर्षाला ८ विमाने म्हणून विमानाचे काम झटकून टाकणे मला पटत नाही. एका विमानात हजारो वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येकाचे थोडे नग लागतात. संख्येवर जगणाऱ्या कारखान्याला ते नकोसे वाटते हे खरे, परंतु एकदा मंजूर झालेला पुरवठादार तिथे सहजासहजी बदलला जात नाही आणि दरही दर वर्षी कापला जात नाही. आपल्या ४ व्हीएमसींपैकी एक अशा कामाला वेगळी काढता येईल. एएस ९१०० चा खर्च मात्र ग्राहकाने लेखी मागितल्यावरच करावा. भिंतीवर प्रमाणपत्र टांगल्याने चौकशीची पत्रे येतात, असा आमचा तरी अनुभव नाही. दारूगोळ्याच्या भागांसाठी आयएसओ ९००१ आणि नीट ठेवलेल्या नोंदी यांवर सुरुवात होऊ शकते.

आणखी एक वाट कोणी सांगितलेली नाही. संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेत नवउद्योगांना १.५ कोटी रुपयांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यांत त्याहून बरेच मोठे अनुदान मिळते. त्या योजनेत आपण स्वतः अर्ज करू नये, कारण आपल्याकडे स्वतःचे उत्पादन नाही, आणि निम्मा खर्च स्वतःचा घालावा लागतो. परंतु ज्या नवउद्योगांना ते अनुदान मिळाले आहे त्यांच्याकडे हुशार अभियंते असतात आणि बहुधा एकही लेथ नसते. त्यांचा पहिला नमुना आपण बनवून दिला, ड्रॉइंगमधल्या न जमणाऱ्या टॉलरन्स त्यांना समजावून सांगितल्या, तर पुढे त्यांच्या उत्पादनाची खरेदी झाल्यावर भाग करायला ते दुसरीकडे जाणार नाहीत. माझ्या गेल्या तीन वर्षांतील सगळ्यांत चांगला ग्राहक असाच मिळाला. पहिली ऑर्डर १८ हजार रुपयांची होती.

भोसरीतील उद्योजक

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. सल्लागारीच्या परवानगीविषयी काल विचारणा केली. "ते बघून घेऊ," एवढेच उत्तर आले, त्यामुळे तो विषय आम्ही संपवला आहे. दरामुळे हुकलेल्या निविदा पुन्हा काढून पाहिल्या, तेव्हा पाचपैकी एका ठिकाणी आमचा दर १२ टक्क्यांनी जास्त होता आणि विजेती कंपनी मोठी होती. म्हणजे ती संधी आमच्या अज्ञानामुळे गेली.

आता फ्यूझच्या अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेच्या टर्निंग भागांवरच लक्ष द्यायचे, दोन अर्ज मागे घ्यायचे आणि वाहनांच्या कामाला हात न लावता दोन यंत्रे यासाठी राखून ठेवायची, असे ठरवत आहोत. एक शंका उरते. या भागांची गेज आम्ही स्वतः बनवावीत की बाहेरून घ्यावीत? आमच्या टूलरूमला थ्रेड गेजचा अनुभव नाही.

अंबरनाथचे पुरवठादार

साधी गो-नोगो (पास की नापास एवढेच सांगणारी) प्लग आणि स्नॅप गेज टूलरूममध्ये करा आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून घ्या. थ्रेड गेज बाहेरूनच घ्या, आणि प्रत्येकी दोन संच घ्या: एक यंत्रावर वापरायला, दुसरा फक्त अंतिम तपासणीसाठी कुलपात. फ्यूझच्या आट्यांमध्ये वाद झाला की निरीक्षक स्वतःचे गेज लावतो, आणि यंत्रावर झिजलेल्या आपल्या गेजने पास केलेला माल त्याच्या गेजवर अडकतो. ऑर्डर देण्याआधी ड्रॉइंगमध्ये आट्यांचे मानक आणि फिटची श्रेणी नेमकी कोणती दिली आहे ते देहूरोडच्या साहेबांना दाखवून घ्या. जुन्या भागांवर व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मानकाचे) आटे निघाले तर गेज मिळायलाच दहा-बारा आठवडे धरून चाला.